चुन्याच्या रेघेचा खर्च

दिवाळी सरते, धान कापून बांध्यांमध्ये पुंजणे उभे राहतात आणि भंडारा जिल्ह्यातल्या गावांना मोकळ्या संध्याकाळी मिळू लागतात. मंडया भरतात, झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक चौकात लागतात आणि गावाबाहेरच्या एखाद्या पडीत तुकड्यावर पोरं कुदळ-फावडं घेऊन उतरतात. खडे वेचायचे, पाणी मारायचं, माती चोपून बसवायची, मग दोरी धरून चुन्याची फक्की ओढायची. लांबी तेरा मीटर, रुंदी दहा मीटर. कबड्डीचं मैदान तयार.

या सामन्यांचा हिशेब ज्यांनी ठेवला आहे त्यांना माहीत असतं की खर्चाची सुरुवात फक्कीपासून होते आणि मग तो थांबत नाही. हॅलोजन, वायर, जनरेटरचं डिझेल, माईकवाला, पंचांचं मानधन, बाहेरून आलेल्या संघांचं जेवण, जखमी झालेल्याला दवाखान्यात नेणारी गाडी, शेवटी चषक आणि रोख बक्षीस. हा सगळा पैसा पावतीपुस्तकावर जमतो. राइस मिलवाला पहिलं बक्षीस देतो, एखादा ठेकेदार दुसरं, निवृत्त गुरुजी चषक देतात, बाकी घरटी वर्गणी. त्याच गावात ग्रामपंचायतीच्या आवारात पिवळ्या-निळ्या रंगाची खुली व्यायामशाळा असते. तिच्यावर निधीचं नाव, वर्ष आणि लोकप्रतिनिधीचं नाव ठळक रंगवलेलं असतं. कबड्डीच्या मैदानावर मात्र सरकारचा एक रुपयाही नसतो.

सरकार खेळावर पैसा खर्च करत नाही, असं अजिबात नाही. तो पैसा फक्कीपर्यंत का पोहोचत नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर भ्रष्टाचार या एका शब्दात गुंडाळून मोकळं होण्यासारखं नाही. अनुदानाची रचनाच तशी आहे.

घटनेपासून सुरुवात करू. खेळ हा विषय राज्यसूचीत, तेहतिसाव्या नोंदीत, नाटक-सिनेमा-करमणुकीच्या पंगतीला बसवलेला आहे. म्हणजे मूळ जबाबदारी राज्याची. पुढे 1992 मध्ये 73वी आणि 74वी घटनादुरुस्ती झाली आणि स्थानिक संस्थांच्या कामांच्या याद्या घटनेला जोडल्या गेल्या. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत उद्यानांबरोबर क्रीडांगणाचा स्पष्ट उल्लेख आहे. गावांसाठीच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. त्यांत ग्रंथालय आहे, बाजार आणि जत्रा आहेत, सांस्कृतिक कार्यक्रम आहेत, खेळ नाही. कारण काय असेल ते असो. गावात खेळायला जागा आपोआप असतेच, असा शहरी समज मला त्यामागे दिसतो. ज्या जिल्ह्यात शहरं म्हणावीत अशी ठिकाणं भंडारा, तुमसर, पवनी, साकोली अशी बोटावर मोजण्याइतकी आहेत, तिथे ही गाळलेली जागा जाणवते.

राज्याने आपली बाजू धोरणांनी सांभाळली. महाराष्ट्राचं पहिलं क्रीडा धोरण 1996 चं, नंतर 2001 आणि 2012 मध्ये नवी धोरणं आली. त्यांतून दोन प्रकारचा पैसा जिल्ह्यात येऊ लागला. पहिला मोठा: क्रीडा संकुलांचा. 2009 च्या निर्णयाने तालुका संकुलाला 1 कोटी, जिल्हा संकुलाला 8 कोटी आणि विभागीय संकुलाला 24 कोटी रुपयांची मर्यादा ठरली. 2022 मध्ये ती अनुक्रमे 5, 25 आणि 50 कोटी झाली. भंडाऱ्यात जिल्हा संकुल, आणि भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, पवनी, लाखांदूर या सात तालुक्यांना तालुका संकुलं, असा तो नकाशा.

दुसरा पैसा लहान, पण आपल्या विषयाशी जास्त जवळचा: व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास या दोन अनुदान योजना. ग्रामपंचायत, नगर परिषद, शाळा, आश्रमशाळा आणि नोंदणीकृत क्रीडा मंडळं यांना त्या खुल्या आहेत. बराच काळ प्रत्येकीची कमाल मर्यादा 7 लाख रुपये होती. क्रीडांगणाच्या अनुदानातून जमीन सपाट करता येते, धावनपथ आखता येतो, कुंपण, प्रकाशव्यवस्था, पिण्याचं पाणी, कपडे बदलायची खोली, स्वच्छतागृह, साहित्य ठेवायला खोली, पाणी मारायची सोय, हे सगळं करता येतं. यादी वाचली की वाटतं, कोणी तरी खरंच मैदानावर उभं राहून ती केली आहे. पण त्यात एक नाम नाही: माणूस. प्रशिक्षकाचं मानधन नाही, मैदान राखणाऱ्याची मजुरी नाही, पंच नाही, एसटीचं तिकीट नाही.

या दोन्ही योजनांचा पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो आणि ती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीत ठरते. सर्वसाधारण योजना वेगळी, अनुसूचित जाती उपयोजना वेगळी, आदिवासी घटक वेगळा. कोणत्या वस्तीला कोणत्या कप्प्यातून अनुदान मागायचं हे कळलेल्या मंडळाचं काम लवकर होतं. याशिवाय आमदार-खासदारांचे स्थानिक विकास निधी आहेत. खुल्या व्यायामशाळांचा पूर त्यातूनही आला. लोखंडी साहित्य घेणं सोपं, बसवणं सोपं, त्याचं उद्घाटन करता येतं, फोटो निघतो आणि वर्षअखेर जवळ आली तरी खरेदी पूर्ण होते. प्रशिक्षकाच्या मानधनाचं उद्घाटन होत नाही.

आता कागदांकडे. एखाद्या तरुण मंडळाने ठरवलं की आपणही क्रीडांगणाचं अनुदान मागू, तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी नोंदणीची प्रत लागते. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखालची आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालची. मग मागच्या वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. मग जागेचा सातबारा किंवा दीर्घ मुदतीचा करार. मग अभियंत्याने केलेलं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. पैसा आला तर उपयोगिता प्रमाणपत्र आणि काम पूर्णत्वाचा दाखला. यातला एकेक कागद अर्थपूर्ण आहे. सार्वजनिक पैसा आहे, हिशेब हवाच. पण गावातलं मंडळ म्हणजे वीस पोरं, एक जुना खेळाडू आणि एक पावतीपुस्तक. त्यांचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर असतो आणि दर दोन-तीन वर्षांनी कर्ती पोरं नोकरीसाठी नागपूरला किंवा पुण्याला निघून जातात. परिणाम असा की अनुदान त्या संस्थेला मिळतं जिला कागद जमतात. म्हणजे बहुतेक वेळा शिक्षण संस्थेला किंवा ग्रामपंचायतीला. आणि रात्रीचा सामना भरवणारं मंडळ बाहेर राहतं.

सातबाऱ्याचा मुद्दा तर पूर्व विदर्भात वेगळाच अवघड आहे. भंडारा 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्याआधी मध्यप्रांत-वऱ्हाडात. तिकडच्या महसुली दप्तरात गावाच्या वापराच्या, झुडपं उगवलेल्या, गुरं चारण्याच्या जमिनींना झुडपी जंगल अशी नोंद होती. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे 86 हजार हेक्टर जमीन आहे. प्रत्यक्षात तिथे शाळा आहेत, दवाखाने आहेत, स्मशानं आहेत, पोरांचं मैदानही आहे. कागदावर मात्र ती जंगलाच्या कायद्यात सापडते. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वन म्हणूनच धरली, आणि 12 डिसेंबर 1996 पूर्वी झालेल्या वाटपांसाठी केंद्राची मंजुरी घेण्याची वाट ठेवली. याचा अर्थ सोपा आहे. गावातली पोरं तीन पिढ्या ज्या तुकड्यावर खेळतात तो तुकडा झुडपी जंगलात असेल, तर त्यावर कुंपण घालायला अनुदान मागता येत नाही. उलट ज्या जागेवर कोणी खेळत नाही, पण जिचा सातबारा स्वच्छ आहे, तिथे क्रीडांगण मंजूर होतं. गावापासून लांब, ओसाड, फाटक लावलेली मैदानं पाहून आपण हसतो; त्यांच्यामागे अनेकदा हा सातबारा असतो.

पवनी तालुक्यातली गोष्ट याच्या उलट. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी झाली आणि वैनगंगेच्या काठची गावं उठून नव्या गावठाणांत गेली. पुनर्वसनाच्या नागरी सुविधांत शाळेबरोबर खेळाचं मैदान नियमानेच येतं. जिल्ह्यात गावाच्या आराखड्यात मैदान आधी आणि खेळ नंतर, असा क्रम फक्त या गावठाणांतच दिसतो. बाकी सगळीकडे पोरं आधी खेळू लागली आणि जागा नंतर मैदान झाली.

कागदाइतकाच घोळ कॅलेंडर घालतं. सरकारचं वर्ष एप्रिल ते मार्च. मंजुऱ्या फिरत-फिरत येतात, बरीच कामं हिवाळ्यात सुरू होतात आणि 31 मार्चच्या आत देयकं निघायला हवीत, नाहीतर निधी परत जातो. धानाच्या जिल्ह्यात जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे चिखल, ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळी घरं शेतात, आणि खेळाचा खरा हंगाम नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. नेमक्या त्याच दिवसांत मैदान उकरलेलं असतं, मुरूम पडलेला असतो. मार्चअखेरीस काम पूर्ण होतं, तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि दहावी-बारावीच्या परीक्षा संपत आलेल्या असतात. पावसाळ्यात गवत वाढतं. पुढच्या हंगामात ते काढायला पैसा कोणत्याच शीर्षाखाली नसतो.

एकदा मिळणारा पैसा आणि दरवर्षी लागणारा पैसा, यांतली ही दरी भरून काढायचा एक प्रामाणिक प्रयत्न देशात होऊन गेला. 2008-09 मध्ये केंद्राने पंचायत युवा क्रीडा और खेल अभियान, म्हणजे पायका, सुरू केलं. त्यात गावाला मैदानासाठी एकदाच 1 लाख रुपये होते, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाच वर्षं दर वर्षी साहित्यासाठी 10 हजार आणि चालवण्यासाठी 12 हजार होते. शिवाय गावातल्याच एका माणसाला क्रीडाश्री नेमायचं आणि त्याला महिना 500 रुपये मानधन द्यायचं. पाचशे रुपये ही रक्कम 2008 मध्येही हसू येण्याजोगीच होती. तरी त्या योजनेला एक गोष्ट कळली होती: मैदानाला मालक नको, राखणारा हवा. साहित्याच्या खोलीची किल्ली कोणाच्या तरी खिशात हवी, संध्याकाळी पाच वाजता कोणी तरी शिटी घेऊन उभं हवं.

ती योजना टिकली नाही. 2014 मध्ये तिच्या जागी राजीव गांधी खेल अभियान आलं आणि भर गावावरून तालुक्याच्या इमारतीकडे गेला. 2016-17 मध्ये खेलो इंडिया आलं आणि भर गुणवंत खेळाडू हेरण्याकडे वळला. खेलो इंडियाच्या जिल्हा केंद्राला एका खेळासाठी सुरुवातीला 5 लाख आणि नंतर दर वर्षी 5 लाख मिळतात. त्यातले 3 लाख थेट प्रशिक्षकाच्या मानधनाचे. ही रचना चांगली आहे, माणसावर खर्च करणारी आहे. पण ती एका जिल्ह्यात एखाद-दुसऱ्या ठिकाणी असते. भंडाऱ्यासारख्या 12 लाख लोकवस्तीच्या जिल्ह्यात टोकाच्या गावातला पोरगा रोज सरावाला जिल्ह्याच्या ठिकाणी येणार कसा? पदक हवं असेल तर निवड करावी लागते, हे खरं. मात्र निवडण्याआधी हजार पोरांनी खेळायला हवं आणि त्या हजारांचा खर्च निवडीच्या योजनेत धरलेला नसतो.

हजार पोरं खेळतात ती शाळेत. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या गटांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात, आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाचं वर्षातलं मोठं काम तेच. त्यातल्या प्रमाणपत्राला वजन आहे, कारण 2005 पासून सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. ग्रामीण घरात वडील पोरीला मैदानावर जाऊ देतात त्यामागे या पाच टक्क्यांचा मोठा वाटा आहे; याला कोणी नाक मुरडू नये. पण एकोणीस पूर्ण झाले की ही शिडी संपते. पुढे विद्यापीठ, तेही शिकत असेल तर. जो शेतावर गेला, एमआयडीसीत लागला, वरठीच्या कारखान्यात लागला, त्याच्यासाठी उरतं गावचं मंडळ आणि खेळाची संघटना.

इथे एक गंमत आहे. कबड्डी आणि खो-खोत विदर्भाची संघटना वेगळी, राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. शालेय स्पर्धेत मात्र तीच मुलगी महाराष्ट्राची. सरकारी अनुदानाचा नकाशा आणि संघटनांचा नकाशा एकमेकांवर नीट बसत नाहीत. क्रिकेट या भानगडीत पडतच नाही. विदर्भ क्रिकेट संघटनेने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा रणजी करंडक जिंकला तो क्रिकेट मंडळाच्या पैशावर उभ्या केलेल्या अकादमीच्या जोरावर. अनुदानाशिवाय खेळ वाढतो, असं त्यावरून कोणी म्हणेल. वाढतो, दूरदर्शन संच विकत घेणारा देश मागे असेल तर.

अनुदानाशिवाय जगलेला खेळ पाहायचा तर तो आपल्या शेजारीच आहे: शंकरपट. बैलजोड्यांची ही शर्यत भंडारा-गोंदिया पट्ट्यात हिवाळ्यातला सगळ्यात मोठा जमाव खेचते. लाखनीचा पट पंचक्रोशीबाहेरही माहीत आहे. रात्री नाटक, दिवसा पट, लेकी माहेरी, पाहुणे घरी. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो बंद पडला, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर पुन्हा सुरू झाला आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याची कायदादुरुस्ती वैध ठरवली. आता आयोजकांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते, 50 हजार रुपये अनामत ठेवावी लागते, धाव हजार मीटरच्या आत ठेवावी लागते. म्हणजे इथे पैसा सरकारकडून येत नाही, सरकारकडे जातो. सात वर्षं बंद राहूनही पट परत उभा राहिला. त्याला प्रेक्षक आहे, बाजार आहे, प्रतिष्ठा आहे. जिंकलेल्या जोडीची किंमत वाढते. चौदा वर्षांच्या धावपटू मुलीमागे यातलं काहीच नाही. सरकारी पैसा नेमका तिथे हवा जिथे वर्गणी जमत नाही, एवढी साधी कसोटी लावली तरी पुष्कळ निर्णय बदलतील.

मुलींचाच विचार करा. गावच्या रात्रीच्या सामन्यात मुली नसतात, त्यामुळे पावतीपुस्तक त्यांच्या कामाचं नाही. व्यायामशाळेत मुलांचा ताबा असतो. त्यांच्या दृष्टीने क्रीडांगणाच्या अनुदानातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे कपडे बदलायची खोली आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह. आणि अंदाजपत्रकात पैसा कमी पडला की आधी काटछाट होते ती नेमकी यांचीच. कुंपण आणि कमान कधी कमी होत नाही.

बाहेर काय करतात? नॉर्वेत सरकारी सट्टा कंपनीच्या नफ्यातला एक हिस्सा स्थानिक उपक्रम निधी म्हणून थेट गावोगावच्या क्लबांना दिला जातो आणि त्याचा हिशेब मुलं मोजून होतो: सहा ते एकोणीस वयाची किती मुलं तुमच्याकडे खेळतात, तेवढा निधी. प्रत्येक कामाचं वेगळं अंदाजपत्रक त्यासाठी सादर करावं लागत नाही. जर्मनीत हौशी प्रशिक्षकाला क्लबकडून मिळणारं ठरावीक मानधन करमुक्त असतं. दोन्ही देश श्रीमंत, त्यांची तुलना आपल्याशी करायची नाही; पण पैसा मुलं मोजून द्यायचा की भिंत मोजून, हा निवडीचा प्रश्न आहे, श्रीमंतीचा नाही. भंडारा जिल्ह्यात हजेरीपट मांडणं आपल्या शिक्षकांना चांगलं जमतं.

आहे त्या चौकटीतही जागा आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण सामाजिक दायित्वात बसतं, आणि जिल्ह्यात पोलाद आहे, मँगनीजच्या खाणी आहेत, वाहनांचा कारखाना आहे. त्यांच्याकडे कमान मागू नका, प्रशिक्षकाचं तीन वर्षांचं मानधन मागा. ग्रामपंचायतीने आराखडा करताना मैदानाच्या देखभालीचं एक छोटं शीर्ष दरवर्षी ठेवावं, मग ते दहा हजारांचं का असेना. आणि मंडळांनी पावसाळ्याचे मोकळे महिने वापरावेत: नोंदणी करून घ्यावी, बँकेत खातं उघडावं, वहीतला हिशेब सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावा, मैदानाचा सातबारा काढून त्यावर काय लिहिलंय ते वाचावं. तीन वर्षांचे तपासलेले हिशेब हातात असलेलं मंडळ जिल्हा क्रीडा कार्यालयात गेलं की बोलणं वेगळ्या सुरात होतं. जुनी पावतीपुस्तकं रद्दीत देऊ नका, पहिला कागद तोच आहे.